चहाच्या आधी

सिरसाळ्याच्या किसनशेठनी माझं चॉकलेट तोंडात टाकलं, कराकरा चावलं आणि उठून दुकानाबाहेरच्या नालीत थुंकलं. "कडू हाय ओ म्याडम," एवढंच म्हणाले आणि परत गादीवर येऊन बसले.

अंबाजोगाईला आमचे डिस्ट्रिब्युटर शिवलिंगआप्पा यांच्या दुकानात हे चाललं होतं. मी चॉकलेट कंपनीत फूड टेक्नॉलॉजिस्ट. परदेशी चॉकलेटं नुकतीच दुकानांत दिसायला लागली होती, आणि आमच्या सबनीस साहेबांना घाई सुटली होती की आपलंही काहीतरी वेगळं हवं. म्हणून मी 'डार्क मिल्क' बनवलं. म्हणजे नेहमीच्या चॉकलेटपेक्षा कोको बराच जास्त, साखर कमी, पण दूध ठेवायचं. कोकोचा कडवटपणा दूध सांभाळून घेतं. पुण्या-मुंबईत ते आवडलं होतं. साहेब म्हणाले, तिथं काहीही आवडतं. अंबाजोगाईत चाललं तर प्रॉडक्शन, नाहीतर फाईल बंद. खात्री करायला ते स्वतःच सोबत आले. थंडीचे दिवस, त्यामुळे माल वितळायची भीती नव्हती. बाकी सगळ्याची होती.

आप्पांनी आसपासचे किराणावाले बोलावले होते. प्रत्येकानं तुकडा चावला आणि तोंड वाकडं केलं. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं समाधान?" मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग.

एकट्या आप्पांनीच ते चाखलं नव्हतं. त्यांचा सोमवार होता. संध्याकाळी पूजा झाल्यावर घेतो म्हणाले आणि तुकडा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

संध्याकाळी आम्ही त्यांच्याच घरी जेवायला. आप्पा कडक शिवभक्त, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. देवाला दाखवल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, हा घरचा नेम. पूजा आटोपली आणि त्यांनी माझं चॉकलेट बेलाच्या पानावर ठेवून शंकरापुढं सरकवलं. साहेबांना हसू आवरेना. मला मात्र कसंतरीच झालं.

मग आप्पांनी तो तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. प्रसाद कुणी कराकरा चावतं का? तसाच राहू दिला. हळूहळू कपाळावरचं भस्म हललं, आठी गेली.

"आदी कडू लागलं," ते सावकाश म्हणाले. "मग खरपूस. मग खवा भाजताना येतो तसा वास आला. आता संपलंय, तरी तोंडात हायेच."

माझ्या अंगावर काटा आला. कोकोचं लोणी ही काय अजब चीज आहे! सावलीत घट्ट राहतं आणि माणसाच्या तोंडाच्या उबेला बरोब्बर विरघळतं. पुस्तकात हे कितीदा वाचलं होतं. माणसाच्या चेहऱ्यावर ते घडताना पहिल्यांदा बघत होते.

मग सकाळी काय बिघडलं? तेवढ्यात काकूंनी चहा आणला. एक घोट घेतला आणि माझी ट्यूब पेटली. त्या घरचा चहा म्हणजे निव्वळ पाक. सकाळी दुकानात आल्या-आल्या सगळ्यांना तोच पाजला होता, कारण पाहुण्याला चहाशिवाय बसवणं आप्पांना मरणाहून वाईट. साखरेनं माखलेल्या जिभेला माझं चॉकलेट कारलंच लागणार. उपासामुळे आप्पांची जीभ तेवढी कोरी होती.

साहेबांना दुसऱ्या दिवशी लातूरला मीटिंग होती. पण आप्पांनी थांबवून घेतलं आणि सगळ्यांना पुन्हा निरोप धाडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी आली, बसली, चहा काही येईना. कुजबुज सुरू झाली. शेवटी किसनशेठनी विचारलंच, "कावून आप्पा, आमचं काई चुकलं का?"

"चहा मागून," आप्पा म्हणाले. "आदी हे जिभंवर ठिवा. चावायचं न्हाई. परसाद हाय."

प्रसाद म्हटल्यावर कोण बोलतंय? एकेकानं तुकडा जिभेवर ठेवला आणि तसाच विरघळू दिला. किसनशेठ समोरच्या पोत्याकडे एकटक बघत होते. मग त्यांनी माझ्यापुढं हात केला, प्रसादाला करतात तसा, उजव्याखाली डावा.

"अजून एक द्या," म्हणाले.

माझी फाईल उघडी राहिली. चहाही झाला, आणि उशीर झाला म्हणून प्रत्येकाला दोन-दोन कप. साहेबांनी रिपोर्टसाठी विचारलं, रात्रीतून फॉर्म्युल्यात काय बदललं? मी म्हटलं, काही नाही. फक्त चहाचा नंबर मागे गेला.