आंघोळीनंतरचं केळ्याचं दूध

नातवाला पायांवर घेऊन आंघोळ घातली आणि कंबर धरून उठले, तोच लेकीने फ्रिजमधून कोरियन केळ्याच्या दुधाची बाटली काढली. मडक्यासारखी गोल. स्ट्रॉ टोचताच तो गोड वास आला आणि क्युपर्टिनोच्या किचनमधून मी थेट शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या बर्फात पोचले.

तेव्हा ही लेक तान्ही होती. माझ्या बाळंतपणाला आलेल्या आईने आम्हा दोघींना तेल लावून न्हाऊ घातलं होतं. इतक्यात शेजारची कोरियन आजी सुनेला घेऊन, अशीच बाटली हातात धरून आली. आई घाईने म्हणाली, "नको हो, बाळंतिणीला केळं बाधेल." सुनेने सांगितलं, त्यांच्याकडे एके काळी केळी फार महाग होती, म्हणून हे दूध म्हणजे मुलांची चैन, सार्वजनिक न्हाणीघरातून बाहेर पडलं की हेच मिळायचं. आजीने मात्र स्ट्रॉ टोचली, आईला खुर्चीवर बसवलं आणि बाटली तिच्याच तेलकट हातात ठेवली.

"अगं, ही तर शिकरण!" म्हणत आईने डोळे मिटले. तेव्हा मला वाटलं, तिला चव आवडली.

आज माझ्या हातांना तेलाचा वास आहे, आणि कंबर भरून आली आहे.

"आई, तू बस आधी," लेक म्हणाली, बाटली माझ्या हातात दिली, आणि मीही आईसारखे डोळे मिटले.