परसदारामागची जागा

मी निघालो तेव्हा अब्बा एसटीच्या थांब्यापर्यंत आले आणि ड्रायव्हरशीच गप्पा मारत बसले. माझ्याकडे बघायचं टाळत होते, दुसरं काय! अम्मीने उंबऱ्यातच सांगितलं होतं, "लवकर परत ये, बाबू." मी म्हणालो, "हा आलोच!" त्या 'आलोच'ला किती वर्षं झाली ते विचारू नका. सौदीत यान्बूच्या रिफायनरीत लागलो तो तिथलाच झालो. सुट्टीत घरी जायचो, पण पाहुण्यासारखा. दर जुम्म्याला फोन करायचो आणि शेवटी अम्मीचं ठरलेलं वाक्य यायचं, "कधी येतोस रे?"

पुढे बायको शबाना आली, लेक झोया झाली, घर जरा मोठं मिळालं. मग अम्मी-अब्बांनाच व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. अब्बांना इथलं काही पटेना. "समुद्र आहे आणि माशाचा वास नाही? कसला मेला समुद्र हा!" झोया इंग्लिश मीडियमची. तिचे दादा, म्हणजे अब्बा, मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. तरी दोघांचं गूळपीठ होतं.

एका सुट्टीला आम्ही सगळे गाडीने मदिनेला निघालो. शबानाने सांदणं करून घेतली होती. वाटेत अब्बांची कटकट चालूच, "अरे, एक झाड तरी दाखव!" झोया दिव्याच्या खांबाकडे बोट करायची, "दादा, ये देखो ट्री!" की हसून हसून त्यांना ठसका लागायचा.

मी सहज म्हणालो, मदिनेत मरण यावं, बकीच्या कबरस्तानात जागा मिळावी म्हणून लोक आयुष्यभर दुआ मागतात. अब्बा म्हणाले, "नशीबवानांची जागा ती. पण तिथे आपला सब्जा कोण लावणार? मला बापाशेजारची जागा बरी." आमच्याकडे कबरीच्या उशाशी सब्जा लावतात. कबरस्तान आमच्या परसदारामागेच आहे. भांडी घासताना अम्मीला सासूसासऱ्यांच्या कबरी दिसतात. शेजारची रिकामी जागा अब्बा दर पावसाळा सरला की स्वतः साफ करायचे. अम्मी मागून ओरडली, "काहीतरी अभद्र बोलू नका. सांदणं खा."

मदिनेत पोचलो. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात मोठ्या छत्रीखाली अब्बा म्हणाले, "जरा टेकतो." अम्मी ओढणीने वारा घालत बसली. आम्ही झोयाला फिरवून आलो, तरी ती वारा घालतच होती. "झोपलेत, उठवू नको," म्हणाली. मी हाक मारली, खांदा हलवला. मला कळलं. तिला कळायला वेळ लागला.

मयत गावी न्यायची तर कागदपत्रांतच बरेच दिवस गेले असते. ओळखीचे, बिनओळखीचे सगळे सांगत होते, ही जागा मागून मिळत नाही. मी अम्मीला गाडीतल्या बोलण्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, "अल्लाने जागा दिली, आपण नको म्हणणारे कोण?"

जनाजा उठला तशी परकी माणसं सवाब, पुण्य मिळेल म्हणून खांदा द्यायला धावली. बघता बघता अब्बा पुढे निघून गेले आणि मी 'यल्ला, यल्ला', चला चला म्हणणाऱ्या गर्दीत मागे धावत राहिलो. बकीत कबरीवर नाव नसतं, नुसता दगड. सब्जा तर नाहीच. बायकांना आत सोडत नाहीत, हे अम्मीला दारात कळलं. भिंतीला हात लावून ती उभी राहिली. "कुठल्या बाजूला रे?" मी बोट दाखवलं. भिंतीपलीकडचं तिला काही दिसत नव्हतं.

गावच्या मंडळींनो, तुम्ही ग्रुपवर लिहिलंत, 'चाचांनी नशीब काढलं!' दम्माम-कुवेतच्या दोस्तांनो, तुम्हीही तेच लिहिलंत. खरं असेल. पण खोटं कशाला सांगू, मला संताप आला होता. माझा बाप गेला होता हो! आणि मला रडायचीही चोरी.

व्हिसा संपला, अम्मी एकटीच परत गेली. इथे घरात झोया दादांच्या खुर्चीवर कोणाला बसू देईना. मी ठरवलं, आता खलास. कंपनीला सांगून फायनल एक्झिट घ्यायचं आणि अम्मीजवळ जाऊन राहायचं. शबानाही तयार झाली. जुम्म्याला फोन केला. पलीकडे परसदारी भांडी वाजत होती. मी म्हणालो, "अम्मी, आम्ही कायमचे येतोय." इतकी वर्षं ती याचीच वाट बघत होती. वाटलं, आता आनंदाने रडेल.

भांडी वाजायची थांबली. ती म्हणाली, "येऊ नको, बाबू. तू आलास तर त्यांच्याजवळ आपलं कोण राहील?"

मी राहिलो. सुट्टी मिळाली की मदिनेला जातो, त्या दगडापाशी उभा राहतो आणि बाहेर येऊन फोन लावतो. ती परसदारीच असते, रिकाम्या जागेसमोर. कधी येतोस, असं ती आता विचारत नाही. विचारते, "जाऊन आलास का?"