आईनं ‘नको’ म्हटलेला चहा

आदिलाबादकरांनो, आज इंग्लंडमधल्या एका कालव्यावर आमचा चहा हुकला, अन् ते मनातून जाऊनच नाही राह्यलं.

भावाने आठवडाभरासाठी लांबट, अरुंद बोट भाड्याने घेतली आहे. बोटीवर तो, मी आणि आई. चढ आला की बोट दोन फाटकांमधल्या हौदात उभी करायची. पाणी भरलं की ती वर येते, सोडलं की खाली जाते. फाटकं मात्र आपणच ढकलायची.

दुपारी अशाच एका फाटकापाशी म्हातारी बाई भेटली. एकटीच, तिची बोट खाली न्यायला थांबलेली. तिने अन् आईने पाठ लावून फाटक ढकललं. एकमेकींची भाषा येत नाही, तरी दोघींचं हसू थांबेना. मग तिने आपल्या बोटीकडे हात करून विचारलं, चहा घेता का?

आई लाजून म्हणाली, "नको नको, कायले तरास!"

मी तेवढंच इंग्रजीत सांगितलं. बाई "बरं" म्हणाली आणि बोट हौदात घेऊन गेली.

आई तोवर आमच्या बोटीत आत गेली होती. बाहेर आली ती साडी बदलून, हातात चिवड्याचा डबा घेऊन. हौद रिकामा झाला होता. बाई खालच्या फाटकातून निघूनही गेली होती.

"अवं, पुन्हा इचारलंच नाही का तिनं?"

आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला कोण ‘नको’ समजतं? तुम्ही असता तर बाईला काय सांगितलं असतं?

आमची बोट पुढं चालली आहे. आई डबा मांडीवर घेऊन मागं तोंड करून बसली आहे.