बेरिलबाईंची रविवारची वाट

बेरिलबाई दिव्याच्या खांबाला धडकल्या, तर आधी खांबाची माफी मागतात. थट्टा नाही, भर बाजारच्या दिवशी मी स्वतः पाहिलंय. वय अठ्ठ्याहत्तर, अंगकाठी चिमणीएवढी, पायात मात्र शेतकऱ्याला शोभतील असे बूट. पूर्ण नाव बेरिल टॅपसेल. इंग्लंडातल्या थ्रॅपवेल गावात मी एकतीस वर्षं बस चालवली. माझ्या मुकुंद नावाचं या लोकांनी पहिल्याच आठवड्यात मॅक करून टाकलं. एवढ्या वर्षांत बसला उशीर झाला म्हणून माझ्यावर कधीच खेकसल्या नाहीत अशा या एकट्याच. उलट बस उशिरा आली की याच मला सॉरी म्हणायच्या! मला या गुळमुळीतपणाची चीड यायची. मी तापट माणूस. समोरच्याने चूक केली तर ती त्याला ऐकवल्याशिवाय मला जेवण जात नाही.

तर अशा या बाईंमुळे मागच्या एप्रिलमध्ये अख्खं गाव श्वास रोखून बसलं होतं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी बेरिलबाईंचा नवरा गेला. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांना घरात बसवेना, म्हणून त्या चौकात येऊन उभ्या राहिल्या. तिथे नकाशा उलटा धरून एक डच जोडपं भांडत होतं. ‘माफ करा, मी दाखवू का?’ म्हणत बाईंनी त्यांना गाव दाखवलं, मग गावामागचं शिवार दाखवलं, आणि संध्याकाळी आपल्या घरी नेऊन चहा पाजला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला, दगडी खांबांवर उभ्या असलेल्या जुन्या बाजारघराखाली, गाव बघायला आलेले लोक जमतात आणि बाई त्यांना घेऊन निघतात. पैसे घेत नाहीत. पाऊस असला तर छत्री घेतात, एवढाच फरक. तेरा वर्षांपासून मीही जातो, आधी बायको घराबाहेर काढायची म्हणून, नंतर माझं मलाच राहवेना म्हणून.

खाटीक गल्लीतून चर्चच्या आवारात, तिथून कुंपणावरच्या लाकडी पायऱ्या चढून म्हाताऱ्या पिकरिंगच्या शेतात, त्याच्या अंगणाच्या कडेने पलीकडे कुरणात, आणि मग टेकडी. एप्रिलमध्ये कोकरं पायात येतात, कुंपणाची काटेरी झाडं पांढरी होतात, आणि टेकडीच्या माथ्यावर वाट एकदम संपते तेव्हा खाली सगळं थ्रॅपवेल दिसतं, लाल कौलं, चौक, नदीचं वळण, चर्चचा सुळका. कितीही घुमा माणूस असो, तिथे पोचला की ‘अरे वा!’ म्हणून ओरडतोच. आणि त्या ओरडण्यावर बाई दर वेळी अशा खूश होतात, की ते गाव त्यांनी पहाटे उठून स्वतः मांडलंय असं वाटावं.

दोन वर्षांपूर्वी म्हातारा लेन पिकरिंग वारला आणि त्याचं शेत लंडनहून आलेल्या क्रिस्पिन हार्ग्रीव्जने घेतलं. त्याने पहिलं काम काय केलं? पायऱ्यांच्या जागी फाटक बसवलं, फाटकाला कुलूप लावलं आणि पाटी टांगली, खाजगी जागा. टेकडीवर जायला दुसरा रस्ता म्हणजे ट्रकचा हमरस्ता. त्याला पायी चालायला कडेची पट्टीसुद्धा नाही. बेरिलबाईंनी एक रविवार लोकांना तिथून नेलं, एका ट्रकच्या वाऱ्याने त्या स्वतःच खड्ड्यात बसल्या, आणि तेव्हापासून चौकातूनच सगळ्यांना निरोप देऊ लागल्या. तोंडाने काही बोलल्या नाहीत. पण दोन महिन्यांत अशा वाळल्या, की खाटकाने त्यांना न विचारता मटणाचे जास्तीचे तुकडे बांधून द्यायला सुरुवात केली.

गावाने दावा लावला. इथला कायदा सोपा आहे. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने उघडपणे, जबरदस्ती न करता आणि कुणाची परवानगी न घेता चालले असतील, तर ती वाट सगळ्यांची. पण परवानगी घेऊन चालले असतील, तर ती मालकाची मेहेरबानी, उद्या बंद करायला तो मोकळा. वीस वर्षं सलग चाललेला साक्षीदार गावात एकच होता. सगळं बेरिलबाईंवर आलं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी त्या मला चीजच्या टपरीपाशी भेटल्या. चेहरा पांढराफटक.

‘‘मॅक, माफ कर हं, पण एक घोटाळा झालाय.’’

‘‘कसला?’’

‘‘मी विचारायचे रे.’’

‘‘काय विचारायचात?’’

‘‘लेनला. दर रविवारी. ‘आज आम्ही इथून गेलो तर चालेल का?’ म्हणून.’’

माझ्या हातातून चीजची पिशवी गळायची राहिली. ‘‘दर रविवारी? सव्वीस वर्षं?’’

‘‘नाताळ रविवारी आला तेवढे सोडून.’’

आता मला आठवलं. पायऱ्यांपाशी आल्या की बाई म्हणायच्या, ‘तुम्ही इथेच थांबा, मी आलेच,’ आणि एकट्या लेनच्या अंगणात जायच्या. मग लांबून लेनच्या ओरडण्याचा आवाज यायचा. शब्द वाऱ्याने कळायचे नाहीत, आवाज मात्र गुरं हाकावीत तसा. आम्ही वीस-पंचवीस जण पायऱ्यांवर रेलून हसायचो. पाच मिनिटांनी बाई यायच्या आणि ‘चला, लेन मजेत आहे,’ म्हणून पुढे निघायच्या.

‘‘तो काय म्हणायचा?’’ मी विचारलं.

बाई लाल झाल्या. ‘‘ते सांगण्यासारखं नाही.’’

संपलं! म्हणजे परवानगी मागितली ती मागितली, वर म्हाताऱ्याने शिव्या देऊन नाकारली. मी त्यांचा हात धरून टपरीच्या मागे नेलं. ‘‘बेरिलबाई, हे बघा. वकिलाने विचारलं तर आठवत नाही म्हणा.’’

‘‘पण आठवतंय ना.’’

‘‘तुमचं वय अठ्ठ्याहत्तर! या वयात विसरायचा हक्क आहे तुम्हाला!’’

‘‘मॅक, मी शपथ घेणार आहे रे,’’ त्या म्हणाल्या, आणि माझ्यावरच दया आल्यासारखा माझा दंड थोपटला.

बाजारघराच्या वरच्या मजल्यावर, जिथे लग्नाच्या पार्ट्या आणि जुन्या कपड्यांचे सेल होतात, तिथे मुंगी शिरायला जागा नव्हती. खाटीक दुकान बंद करून आला होता, हे त्याने राणीच्या अंत्ययात्रेलाही केलं नव्हतं. निकाल देणारी सरकारी निरीक्षक मिसेस लॉफ्टहाउस एका टेबलामागे बसली होती, समोर नकाशा आणि थर्मास. डाव्या बाजूला हार्ग्रीव्ज आणि त्याचा तरुण वकील. तोही इथलाच, म्हणजे गळा कापायचा तरी आधी ‘माफ करा’ म्हणणारा.

बेरिलबाई उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षं, दर रविवारी, कधी सहा माणसं, कधी चाळीस, सगळं नीट सांगितलं. लोक माना डोलवत होते. मी मात्र खुर्चीची कड घट्ट धरून बसलो होतो.

वकील उठला. ‘‘माफ करा, मिसेस टॅपसेल, एकच प्रश्न. मिस्टर पिकरिंग यांची परवानगी तुम्ही कधी घेतली होती का?’’

‘‘माफ करा,’’ बाई म्हणाल्या, ‘‘घेतली नाही. मागितली होती.’’

‘‘कितीदा?’’

‘‘दर रविवारी.’’

मागून कुणीतरी ‘‘अरे देवा!’’ म्हणालं. खाटकाने कपाळावर हात मारला. हार्ग्रीव्जच्या ओठांवर हसू आलं. त्या क्षणी मला त्या बाईंचा असा राग आला, की उठून जावंसं वाटलं. एक शब्द, फक्त एक ‘नाही’ म्हणायचं होतं!

वकील खाली बसायला लागला, तेवढ्यात मिसेस लॉफ्टहाउसने पेन वर केलं. ‘‘थांबा. मागितल्यावर मिस्टर पिकरिंग काय म्हणायचे?’’

‘‘ते इथे सांगता येणार नाही, बाईसाहेब.’’

‘‘का?’’

‘‘भाषा बरी नाही. इथे पाद्रीबाबा बसलेत.’’

पाद्रीबाबा दुसऱ्या रांगेतून म्हणाले, ‘‘बेरिल, मी बारा वर्षं लष्करात होतो. बोल तू.’’

‘‘जसंच्या तसं सांगा,’’ निरीक्षक म्हणाली. ‘‘शब्दन् शब्द.’’

बाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली. टोपी सरळ केली. दोन्ही हात कमरेवर ठेवले. आणि त्या चिमणीएवढ्या देहातून लेन पिकरिंगचा आवाज बाहेर पडला, असा की खिडकीवरची कबुतरं उडाली:

‘‘अगं ए भवाने! आलीस परत माझं डोकं खायला? किती वेळा सांगू तुला, विचारत जाऊ नकोस म्हणून! मसणात घाल तुझी परवानगी! ही वाट काय माझ्या बापाची आहे? माझ्या बापाने कुणाला अडवलं नाही, आज्यानेही नाही! सगळ्या गावाची वाट आहे ती! तंगड्या आहेत तोवर चाल, आणि माझ्या कोंबड्यांना घाबरवू नकोस!’’

मग आपल्या नेहमीच्या आवाजात: ‘‘माफ करा. मधले तीन शब्द मी गाळलेत.’’

काय हलकल्लोळ झाला म्हणून सांगू! खाटीक खुर्चीवर चढून ओरडला, ‘‘लेनच तो! हुबेहूब लेन!’’ पाद्रीबाबा डोळे पुसत हसत होते. ज्याचं शेत, तोच माणूस सव्वीस वर्षं दर रविवारी स्वतःच्या तोंडाने ओरडून सांगत होता, की वाट माझी नाही, गावाची आहे! बाईंच्या ज्या प्रश्नापायी मी कपाळ बडवत होतो, त्याच प्रश्नाने ही साक्ष बाहेर काढली होती. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, माझ्या नकळत.

निरीक्षकाने सगळ्यांना गप्प केलं. वकील मात्र हुशार होता, त्याने अजून सोडलं नव्हतं.

‘‘माफ करा, पण एक समजत नाही. वाट गावाची आहे, विचारू नकोस, हे त्यांनी पहिल्याच रविवारी सांगितलं. तरीही तुम्ही सव्वीस वर्षं विचारत राहिलात. म्हणजे तुमच्याच मनात वाट तुमची नव्हती, बरोबर?’’

 खाटीक हळूच खुर्चीवरून उतरला.

‘‘नाही हो,’’ बेरिलबाई म्हणाल्या. ‘‘वाट सगळ्यांची आहे हे मला पहिल्या रविवारीच पटलं होतं.’’

‘‘मग का विचारत होतात?’’

‘‘लेन एकटा राहायचा. दुधाचा टँकर यायचा, पण ड्रायव्हर खाली उतरायचा नाही. आठवडाभर त्याच्याशी बोलायला माणूस नव्हतं. नुसतं गुड मॉर्निंग म्हटलं तर तो खिडकीतून हात हलवून आत जायचा. मी करून पाहिलं होतं तसं. पण परवानगी मागितली की चिडायचा. चिडला की बाहेर यायचा, आणि मग पाच मिनिटं बोलायचा.’’ त्यांनी पर्स उचलली. ‘‘तेवढं त्याला पुरायचं, असं मला वाटतं.’’

वकील खाली बसला.  मी बुटांकडे बघत होतो. अकरा वर्षं मी त्या पायऱ्यांवर रेलून हसलो होतो, आणि एकाही रविवारी अंगणात जाऊन बघितलं नव्हतं.

दुपारी निरीक्षक वाट प्रत्यक्ष बघायला निघाली. तिच्यामागे दोनशे माणसं! हार्ग्रीव्जला कुलूप काढावंच लागलं. कोकरं बावरून पळत होती, पाद्रीबाबा चिखलात घसरले, खाटकाचा एप्रन वाऱ्यावर फडफडत होता. माथ्यावर पोचल्यावर मिसेस लॉफ्टहाउसने खाली गावाकडे बघितलं, आणि सरकारी कागद छातीशी धरून म्हणाली, ‘‘अरे वा!’’ बेरिलबाईंचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

जूनमध्ये पत्र आलं. वाट गावाची, कायमची. फाटक गेलं, पायऱ्या परत आल्या. पहिल्या रविवारी साठ माणसं होती. पायऱ्यांपाशी बाई थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही इथेच थांबा, मी आलेच.’’

मी भडकलो. ‘‘बेरिलबाई! वाट कागदोपत्री आपली झाली! आता त्या हार्ग्रीव्जच्या दारात कशाला?’’

‘‘वाटेसाठी कुठे जातेय मी? त्याची बायको हिवाळ्यातच लंडनला निघून गेली, मॅक. गुरं विकल्यापासून टँकरही येत नाही.’’

त्या अंगणात गेल्या, दार ठोठावलं, गुलाबांकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या. हार्ग्रीव्ज तांबडालाल झाला आणि हात हलवत जोरजोरात ओरडू लागला. मागे सगळे हसायला लागले. मी पायऱ्या उतरलो, अंगण ओलांडलं, बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, आणि तो थांबेपर्यंत एक शब्द न बोलता ऐकत राहिलो.