वादळ वगळलेला सिनेमा

सिनेमा पाहणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण सिनेमे पाळणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच, आणि तो करंजाड्यात आमच्या समोरच्या दारात राहतो. सगळी इमारत त्यांना मामा म्हणते. मूळचे उरणकडच्या कोळीवाड्यातले, नोकरी बंदरात. त्यांच्या लोखंडी कपाटात सीडी आणि डीव्हीडी नांदतात, मामींच्या साड्या पलंगाखाली. सीडीला हात लावायचा तर आधी साबणाने हात धुवायचे. मी एकदा धाकाने पायही धुतले होते. जो तो मोबाइलवर सिनेमे बघू लागला, तेव्हा मीही शहाणपणा करून त्यांना महिन्याच्या वर्गणीचे फायदे पटवायला गेलो. मामा म्हणाले, "साहेब, भाड्याच्या घरात कोन खिळा ठोकू देतो काय? आपली सीडी आपली हाय."

त्यांनी खिळा कुठे ठोकला होता, ते मला पुढे मामींकडून कळलं. मामांचे वडील होडी घेऊन समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत. घरातच राहणाऱ्या मामांच्या आईंचा मात्र कोळ्यांच्या एका जुन्या सिनेमावर फार जीव. त्यातली गाणी, तो किनारा, सगळं त्यांना पुन्हा पुन्हा बघायचं असे; आणि नेमका मध्यावर वादळात नायिकेचा बाप बुडे. म्हणून मामांनी सुई घेऊन सीडीवर ओरखडे पाडायला सुरुवात केली. किती सीड्या वाया गेल्या, ते मामींनाच विचारावं. अखेर एक जमली. आभाळ भरून येई, चित्र जरासं अडखळे आणि थेट मुलीच्या लग्नाचे ताशे वाजू लागत. सोनाराने तोंडात बोटं घालावीत असं काम! "लग्नात बाप कुठे दिसत नाही," असं मी एकदा बावळटासारखं बोलून गेलो. आई शांतपणे म्हणाल्या, "तो भायेर हाय. पावन्यांना बगतंय."

मग घरातला शेवटचा प्लेअर बंद पडला. दुरुस्त करणारा पनवेलभर मिळेना. मामांच्या मुलीने हौसेने नव्या टीव्हीवर तोच सिनेमा ऑनलाइन लावून दिला, अख्खाच्या अख्खा. बिचारीला ओरखड्याचं काहीच माहीत नव्हतं. मी तिथेच बसलो होतो. होडी पाण्यात लोटली गेली तसा मामांचा चेहरा पांढरा पडला. हातात रिमोट, पण कुठलं बटण दाबावं ते सुचेना.

तेवढ्यात आई उठल्या. "च्या ठेवतां," म्हणत आत गेल्या. वादळ झालं, बाप बुडाला, ताशे वाजू लागले, तेव्हा रिकाम्या हातांनी बाहेर आल्या.

"लगीन लागला काय रं?"

आई मामांच्या शेजारी टेकल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुजी सीडी बरी व्हती रं. उठाला लागत नव्हतं."

वर्गणीचा विषय मी पुन्हा काढला नाही. मामा अजूनही रविवारी भंगारवाल्यांकडे चालू प्लेअर शोधत हिंडतात. आताशा मीही त्यांच्याबरोबर असतो.