होत न्हाई असं न्हाई

“हात मागं घे. तू न्हाई.”

सासूनं माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. खोलीत तीस-चाळीस बाया. मधे पाटावर माझी धाकटी जाऊ सुजाता. सातवा महिना, हिरवी साडी, पदर पसरून बसलेली. माझ्या हातात तांदूळ, नारळ, खण. थोरली जाऊ म्हणून वटी भरायचा पहिला मान माझा. तो तर आधीच डावलला होता. मी म्हटलं, जाऊ दे, गर्दी आहे.

“पोटुशी बाईला वांझेचा हात लावू देत न्हाईत. नर्स असून एवढं बी कळंना का?”

हळू बोलली असती तरी एक वेळ गिळलं असतं. मोठ्यांदा बोलली. एक बाई फिसकन हसली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. आणि सुजातानं पदर आवरून घेतला.

हीच सुजाता. तिसऱ्या महिन्यात उलट्या करून करून बेजार व्हायची तेव्हा कपाळ मी धरायचे. त्याच दिवशी सकाळी मी तिचं बीपी बघितलं होतं, पोट हातानं चाचपून बाळाचे ठोके ऐकले होते. तेव्हा हात चालला. सुई टोचायला चालतो. अडलेल्या बाईला मोकळं करायला चालतो. आमच्या खेड्याच्या, गोरेगावच्या आसपासची कितीतरी लेकरं पहिल्यांदा याच हातांत रडली. नारळ टाकायलाच तेवढा विटाळ.

आमच्यात देव्हारा नाही. भिंतीवर बुद्धाचा फोटो. कार्यक्रमाच्या आधी याच बायांनी हात जोडून पंचशील म्हटलं होतं. हळद-कुंकू सोडलं आम्ही, वटी नाही सोडली. वांझ हा शब्दही नाही सोडला.

पण खरं सांगते, यात माझाही गुन्हा आहे. मला मूल होत नाही हे मीच गावाला वाटू दिलं.

मला नको होतं. पाच भावंडांत मी थोरली. आई-बाप कामाला. सात वर्षांची असल्यापासून माझ्या कडेवर कायम एक लेकरू. एक उतरलं की दुसरं. भावाला घेऊनच शाळेत जायचे. तो रडला की गुरुजी दोघांनाही बाहेर काढायचे. दाराबाहेर उभी राहून पाढे शिकले मी. शी काढली, शेंबूड पुसला, तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं. लेकरांचा राग नाही मला. पण माझं आईपण करून झालंय. नोकरी लागली, खोली मिळाली, दार लावून एकटी बसले, चहा प्याले. कोणी रडलं नाही. काय सुख वाटलं म्हणून सांगू! ते मला सोडायचं नव्हतं. याहून मोठं कारण लागतं का?

नवऱ्याला लग्नाआधी सांगितलं होतं. तो म्हणाला, “तुझी मर्जी. मला चालतंय.” पण घरी सांगायची वेळ आली की दोघांचीही दातखीळ. ‘होत नाही’ म्हटलं की लोक कीव करतात. ‘नको’ म्हटलं की अंगावर येतात. आम्ही कीव पत्करली. नऊ वर्षं. सासूनं गंडे आणले, मी बांधून घेतले. कुठल्या बाबाची राख आणली, ती खाल्ली. नर्स मी! दिवस न राहायची गोळी एक दिवस चुकवत नव्हते आणि वरून राख खात होते.

त्या दिवशी मनगट सोडवून घेतलं.

“आत्याबाई, मला लेकरू होत न्हाई असं न्हाई. मला नको हाय. लग्नाच्या आधीपासून नको हाय.”

सासू माझ्या पुढ्यात आली.

“मंग इतके वर्सं गंडे काहून बांधून घेतले?”

बराबर विचारलं तिनं.

“तुमाला बरं वाटावं म्हनून. चुकलं माझं. आता न्हाई बांधनार.”

“बाईचा जल्म हाय का काय तुझा? नको म्हन्ती! थोडी तर लाज धर.”

मग मी ते बोलले, जे तिनंच मला एकदा शेंगा फोडता फोडता सांगितलं होतं. “आत्याबाई, तुमच्या लहानपनी पाटलाच्या आडावर तुमाला ओंजळीत वरून पानी वाढायचे. घागरीला हात लागू नये म्हनून. तवा तुमच्या हाताला काय झालं होतं?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण शब्द मागं घेतला नाही.

“ती गोष्ट येगळी हाय,” ती म्हणाली.

“न्हाई. तीच हाय.”

नारळ, तांदूळ, खण पिशवीत टाकला, गाडी काढली, आमच्या वेगळ्या बिऱ्हाडी आले. नारळ दुसऱ्या दिवशी फोडून मीच खाल्ला. गोड निघाला.

नवरा म्हणाला, “कशाला बोललीस? होत न्हाई म्हनून गप बसली असतीस, तर मिटलं असतं.”

मी म्हटलं, “नऊ वर्सांत तुला एकदा तरी कुनी वांझ म्हनलं का?”

तो चप्पल घालून बाहेर गेला.

सुजाताला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं नाही. मी वाटही बघितली नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या आरोग्य उपकेंद्रात एक पोरगी आली. एकोणीस वर्षांची, लग्नाला पाच महिने. सोबत सासू. “सिस्टर, दिवस जाऊन न्हाई राहिले हिला. काही तरी गोळ्या द्या.” पोरगी पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी.

“मावशी, तुमी बाहेर बसा.”

“काहून?”

“बसा म्हनलं ना.”

दार लावलं. पोरीला खुर्ची दिली.

“तुला पाहिजे का लेकरू?”

तिनं दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, “असं इचारतेत व्हय?”

“इथं इचारतेत,” मी म्हटलं. “बोल.”