तिसरा कप

मी स्वतःला दत्तभक्त म्हणवतो खरा, पण दर गुरुवारी हात जोडून पुढे काय करायचं ते मीच महाराजांना सांगत असे. ही खोड इथे अमेरिकेत, पार्सिपनी गावात, दोन हजार चार साली मोडली.

शालनताईंना आपल्याच लोकांपैकी एका कुटुंबाने घरकामाला इथे आणलं, पासपोर्ट काढून घेतला आणि तीन वर्षं कोंडून राबवलं. सुटका झाल्यावर वकीलबाईंनी अशा पीडितांसाठी असलेल्या व्हिसाचा अर्ज करायला घेतला. त्याला मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचा रिपोर्ट जोडायचा होता. मनावरचे घाव त्यात दिसले तर ताई इथे राहणार, लेकीला आणणार. नाहीतर परत, त्याच कुटुंबाच्या गावात.

दुभाषा म्हणून इथल्या मराठी मंडळाने मला धाडलं. व्हिसा म्हटल्यावर माझ्यातला अनुभवी माणूस जागा झाला. ड्राइव्ह करता करता मी ताईंना तेच पढवलं, जे कॉन्सुलेटच्या रांगेत मला लोकांनी पढवलं होतं: हसून बोला, उत्तर थोडक्यात, रडगाणं नको.

ताई पडल्या आज्ञाधारक. डॉक्टरबाईंनी विचारलं, झोप कशी लागते? छान. भीती वाटते? नाही. त्या लिहून घेत होत्या, आणि मी एकेक वाक्य इमानदारीने इंग्रजीत करून ताईंचा अर्ज बुडवत होतो. हे डोक्यात शिरलं तेव्हा मनात म्हटलं, महाराज, माझी अक्कल संपली, आता तुम्ही बघा. आयुष्यात पहिल्यांदाच पुढच्या सूचना दिल्या नाहीत.

तेवढ्यात रिसेप्शनवरच्या आजीबाई ट्रेमध्ये तीन कप चहा घेऊन आल्या. ताई ताडकन उठल्या. ट्रे घेतला, आम्हा दोघांना कप दिले आणि मान खाली घालून भिंतीशी उभ्या राहिल्या.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. हा तिसरा कप कुणाचा, म्हणून विचारलं.

"अजून कुणी यायचं असेल ना," ताई म्हणाल्या.

तो तुमचाच आहे, हे डॉक्टरबाईंचं वाक्य मी मराठीत सांगितलं. ताई कप घेऊन खाली कार्पेटवर बसल्या. डॉक्टरबाईही खुर्ची सोडून खाली बसल्या, मग मीही, कुरकुरत्या गुडघ्यांनिशी.

"दादा, हसून सांगू का खरं सांगू?"

मी तेही इंग्रजीत केलं, आणि गाडीतली माझी शिकवणीही कबूल केली. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. मग ताईंकडे वळून हळूच म्हणाल्या, खरं. चहा निवून गेला, तरी ताई बोलत होत्या.

निघताना आजीबाईंचे आभार मानले. आत चहा न्यायची पद्धतच नाही, म्हणाल्या. पण बाई कुडकुडताना दिसली, राहवलं नाही.

यथावकाश व्हिसा आला, पाठोपाठ लेकही. आता गुरुवारी हात जोडले की जुनी खोड उसळतेच, सूचना ओठांवर येतात. मग ताईंचा प्रश्न आठवतो, आणि मी महाराजांना खरं तेवढंच सांगतो: मला काही कळत नाही.